स्टिकर होता, ब्रेक नव्हते: स्कोहॅरीच्या लिमोझीनचं प्रकरण

६ ऑक्टोबर २०१८, शनिवारची दुपार. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीच्या पश्चिमेला स्कोहॅरी म्हणून एक लहान गाव आहे, सगळा डोंगर आणि शेतीचा भाग. तिथे राज्य मार्ग ३० चांगल्या लांब उतारावरून खाली येतो आणि ३०ए ला जाऊन भिडतो, टी जंक्शन, समोर स्टॉपचा बोर्ड. त्या उतारावरून एक पांढरी लांबलचक लिमोझीन आली ती थांबलीच नाही. वेग नंतर निघाला ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे आपल्या हिशोबात १६० किलोमीटरच्या पुढे. जंक्शन पार करून गाडी समोरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घुसली, तिथे उभ्या असलेल्या एका रिकाम्या एसयूव्हीवर धडकली, पार्किंगमधली दोन माणसं तिच्या तडाख्यात गेली आणि गाडी पुढे घळीत जाऊन आदळली. आत १७ प्रवासी आणि ड्रायव्हर, कोणीही वाचलं नाही. एकूण २० जण.

प्रवासी बहुतेक सगळे तरुण, एकमेकांचे नातेवाईक आणि मित्र. एकीचा तिसावा वाढदिवस होता, आणि त्यात चार सख्ख्या बहिणी होत्या. कूपर्सटाउनजवळच्या एका बिअर बनवणाऱ्या ठिकाणी दिवसभर जायचं ठरलं होतं आणि पिऊन कोणी गाडी चालवू नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घेतली. म्हणजे जबाबदार माणसाने जे करायला पाहिजे ते त्यांनी केलं होतं, हे मला फार लागतं. २००९ नंतर अमेरिकेत वाहतुकीच्या एकाच अपघातात इतकी माणसं गेली नव्हती, विमान अपघात धरूनसुद्धा.

आता हे प्रकरण मी इथे सविस्तर का लिहितोय ते सांगतो. आपल्याकडे गाडीच्या पासिंगमधल्या भ्रष्टाचाराचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, आरटीओच्या बाहेर टपरीवर बसलेला एजंट, फाईलमध्ये घातलेल्या नोटा आणि गाडीकडे न बघता मारलेला शिक्का. ते चित्र खोटं नाहीये, पण ते अपुरं आहे. स्कोहॅरीच्या प्रकरणात लाच घेतल्याबद्दल कुठल्याही सरकारी माणसावर खटला झाला नाही, उलट ज्या सरकारी इन्स्पेक्टरने गाडी तपासली त्याने ती नीट तपासली, नापास केली, आणि तसं लिहूनही ठेवलं. तरी गाडी वीस माणसांना घेऊन गेली. म्हणून मला वाटतं की तपासणीतली कीड कशी काम करते हे समजून घ्यायचं असेल तर या एका गाडीचा कागदोपत्री प्रवास बघावा, टेबलामागून टेबल.

आधी गाडी. २००१ सालची फोर्ड एक्सकर्शन, अमेरिकन कंपन्यांनी बनवलेल्या सगळ्यात अवजड एसयूव्हींपैकी एक, मूळची गाडीच तीन टनांच्या वर. ही फॅक्टरीतून आल्यावर दुसऱ्या कोणीतरी मधोमध कापून, चेसिस वाढवून, आत लांब बाकासारख्या सीट टाकून लिमोझीन केलेली. असं कापून वाढवलं की वजन वाढतं, त्यात अठरा माणसं बसली की अजून वाढतं, आणि हे सगळं वजन उतारावर धरून ठेवायचं काम ब्रेकचं. त्यामुळे अशा गाडीचे ब्रेक तपासणं म्हणजे साध्या कारचे तपासण्यासारखं काम नाही, अपघाताच्या वेळी गाडी सतरा वर्षांची होती हे पण लक्षात ठेवा.

मालक कंपनी प्रेस्टीज लिमोझीन, छोटा घरगुती धंदा. कंपनी शाहेद हुसेनच्या नावावर होती, हा माणूस पूर्वी एफबीआयचा खबऱ्या म्हणून काम केलेला, त्यावर अमेरिकन प्रेसमध्ये पुष्कळ लिहून आलं पण आपल्या विषयाला त्याचा काही उपयोग नाही. तो २०१८ मध्ये पाकिस्तानात होता आणि धंदा बघत होता त्याचा मुलगा नौमान हुसेन. बुकिंग घेणं, ड्रायव्हर ठरवणं, गाडी कुठे दुरुस्तीला टाकायची, सगळं तोच.

पहिलं टेबल नोंदणीचं. न्यूयॉर्कमध्ये दोन वेगळी खाती आहेत हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. एक डीएमव्ही, म्हणजे मोटार वाहन खातं, ते गाडीची नोंदणी करतं, नंबर प्लेट देतं, आणि साध्या गाड्यांची वार्षिक तपासणी करायला खाजगी गॅरेजना लायसन देतं. दुसरं डीओटी, म्हणजे परिवहन खातं, ते बस आणि भाड्याने चालणाऱ्या मोठ्या प्रवासी गाड्यांची तपासणी स्वतःच्या इन्स्पेक्टरकडून करतं, दर सहा महिन्यांनी, आणि ती तपासणी बरीच कडक असते. त्यात पास नाही तर प्रवासी घ्यायचे नाहीत. शिवाय अशी गाडी भाड्याने चालवायला डीओटीचा वेगळा परवाना लागतो, तो प्रेस्टीजकडे नव्हताच.

मग गाडी कुठल्या रांगेत उभी राहणार हे कोण ठरवतं? नोंदणीचा फॉर्म. त्यावर सीट किती लिहिल्या त्यावरून ठरतं. या गाडीच्या नोंदणीत सीटचा आकडा खरा नव्हता, कमी दाखवलेला होता, आणि डीएमव्हीच्या काउंटरवर कोणी गाडी बघून तो आकडा पडताळला नाही. बस, इथे अर्धा खेळ संपला. ब्रेकला हात लावायच्या आधी, कुठल्याही इन्स्पेक्टरची गाठ पडायच्या आधी गाडी सोप्या तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं टेबल हेच वाटतं, आणि पेपरवाल्यांनी यावर सगळ्यात कमी लिहिलं कारण फॉर्ममधल्या एका रकान्यात बातमी दिसत नाही. पण विचार करा, परीक्षा कुठली द्यायची हेच जर परीक्षार्थी ठरवत असेल तर नंतर पेपर किती कडक तपासला याला काय अर्थ राहतो.

दुसरं टेबल गॅरेजचं. साराटोगा स्प्रिंग्ज नावाच्या गावात टायर आणि ब्रेकची कामं करणाऱ्या एका मोठ्या चेनचं दुकान आहे, नौमान हुसेन गाड्या तिथे टाकायचा. २०१८ मध्ये, अपघाताच्या काही महिने आधी, या दुकानाने लिमोझीनला डीएमव्हीचा तपासणीचा स्टिकर दिला. मुळात ही गाडी त्या दुकानाच्या अखत्यारीतलीच नव्हती, ती डीओटीकडे जायला पाहिजे होती, पण समोर आली, तपासणी झाली म्हणून लिहिलं, काचेवर स्टिकर लागला. बाहेर उभ्या माणसाला ती काच दिसते, तिच्यावरचा चालू वर्षाचा स्टिकर दिसतो, आतली ब्रेकची नळी दिसत नाही.

त्याच दुकानात ब्रेकची दुरुस्ती पण झाली, निदान बिलावर झाली. दुकानाच्या माजी मॅनेजरने नंतर चौकशीत आणि कोर्टात जे सांगितलं ते वाचून मी हादरलो. बिलात लिहिलेलं काम आणि प्रत्यक्ष केलेलं काम वेगळं होतं, ब्रेकच्या कामाच्या ओळी बिलावर लागल्या पण ते सगळं काम गाडीवर झालं नव्हतं, आणि याचं कारण काय तर वरून आलेली विक्रीची टार्गेट्स. अमुक इतकी ब्रेक सर्व्हिस दाखवायचीच, मग बिलात आयटम बदलून टाकायचे. यात कोणी कोणाच्या हातात पाकीट दिलं नाही. एक मॅनेजर महिनाअखेरचा आकडा जुळवतोय, एवढंच. तो काही खुनी माणूस नव्हता. पण त्या खोट्या ओळीमुळे कागदावर असं दिसलं की या गाडीचे ब्रेक नुकतेच बघून झालेत, आणि हा कागद पुढे कोर्टापर्यंत पोचला.

इथे थोडं थांबून बोलायला पाहिजे कारण हे दुकान काही एकटं नाही. दुरुस्ती करणारा आणि पास करणारा एकच असला की काय होतं बघा. तपासणीची फी सरकारने ठरवलेली, अगदी थोडी, तिच्यावर दुकानाचं काही चालत नाही. पैसे दुरुस्तीत. मग साध्या गिऱ्हाइकाला घाबरवून नको ते पार्ट बदलायला लावायचे, किंवा चार गाड्या घेऊन येणारं बांधलेलं गिऱ्हाईक असेल तर त्याला दुखवायचं नाही, पास करून टाकायचं. दोन्ही बाजूंनी मोह आहे आणि दोन्ही ठिकाणी तपासणी खोटी पडते. आणि जो मेकॅनिक उभा राहून तपासतो त्याला पगार दुकान देतं, रस्त्यावरचा माणूस देत नाही. यावर देखरेख करायचं काम डीएमव्हीचं होतं, त्यांनी लायसन दिलेली गॅरेजेस काय करतात हे बघायचं, आणि ती देखरेख पुरेशी नव्हती हे पुढे केंद्रीय चौकशीत स्पष्ट लिहिलं गेलं.

आता तिसरं टेबल, आणि इथे कथा तुम्हाला वाटते तशी जात नाही. मार्च २०१८ मध्ये डीओटीच्या इन्स्पेक्टरने ही गाडी तपासली. त्याला ब्रेकसकट बऱ्याच त्रुटी सापडल्या, डीओटीचा परवाना नाही हे सापडलं, गाडी बाद. ऑगस्टमध्ये राज्य पोलिसांनी हीच गाडी रस्त्यात अडवली, ड्रायव्हरकडे इतके प्रवासी नेण्यासाठी लागणारं लायसन नव्हतं म्हणून. ४ सप्टेंबरला डीओटीच्या त्याच इन्स्पेक्टरने परत तपासणी केली, परत बाद, आणि काचेवर 'सेवेबाहेर' असा स्टिकर चिकटवला, म्हणजे दुरुस्त होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. मागच्या एका चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी चेपून बंद केलेली आहे हे या तपासण्यांमध्ये नोंदलेलं होतं.

नळी चेपणं म्हणजे काय ते ज्यांनी जुन्या गाड्या हाताळल्यात त्यांना लगेच कळेल. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅडलचा दाब तेलातून नळीवाटे चाकापर्यंत जातो. एखाद्या चाकाकडे गळती लागली तर नीट दुरुस्ती करायची म्हणजे नळी बदलायची, सिलेंडर बघायचा, हवा काढायची. त्याऐवजी जुगाड करणारा माणूस काय करतो, ती नळी पकडीने चेपून टाकतो, गळती थांबते, पॅडल कडक लागतं, सगळं ठीक वाटतं. पण त्या चाकाला आता ब्रेक नाही. उरलेली चाकं चौथ्याचं काम पण करतात. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. लांब उतारावर, एवढ्या वजनाला, ब्रेक सतत दाबत राहावं लागतं, ते तापतात, तापून पकड सोडतात, तेल उकळायला लागलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि मग पॅडल सरळ तळाला जातं. आपल्या घाटात ज्यांनी ट्रक चालवलेत त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मार्ग ३० चा उतार असाच आहे.

तर मग इन्स्पेक्टरने बाद केलेली गाडी एका महिन्यात पुन्हा बाहेर कशी? काचेवरचा स्टिकर काढला गेला. सरकारी पक्षाचं म्हणणं की हुसेननेच काढला. पण स्टिकर काढल्यावर गाडी अडवायला बाकी काय होतं, हा खरा प्रश्न आहे. नंबर प्लेट गाडीलाच होत्या. नोंदणी चालू होती. प्लेट काढून घ्या, नोंदणी थांबवा, ही पावलं उचलली गेली नाहीत. इन्स्पेक्टरचा रिपोर्ट डीओटीच्या फाईलला, नोंदणी डीएमव्हीच्या कॉम्प्युटरला, गॅरेजचा पास शेरा तिसरीकडे, आणि या तिघांना एकत्र ठेवून 'अरे ही तर एकच गाडी आहे, इथे बाद आहे आणि तिथे पास आहे' असं म्हणणारं कोणी नव्हतं. डीओटीला तर माहीत होतं की ही कंपनी परवान्याशिवाय धंदा करतेय आणि पुन्हा पुन्हा बाद होतेय. माहीत असून कागद पाठवत राहिले.

प्रामाणिक इन्स्पेक्टर आणून बसवला की प्रश्न सुटतो असं आपण समजतो. इथे तो होता. त्याने वाकून गाडीच्या खाली बघितलं, नळी बघितली, लिहिलं, मालकाला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं. त्याच्या हातात चिकटवायचा कागद होता आणि मालकाच्या हातात गाडीची चावी होती.

अपघातानंतर चार दिवसांनी नौमान हुसेनला अटक झाली. पुढचा खटला हा वेगळाच लांब रस्ता. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने तडजोडीत निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला, शिक्षा काय तर पाच वर्षं देखरेखीखाली राहायचं आणि १००० तास समाजसेवा, तुरुंग नाही. वीस घरांतले लोक कोर्टात बसून हे ऐकत होते. पण वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, शिक्षा सुनावायच्या वेळी प्रकरण नव्या न्यायाधीशांकडे आलं होतं आणि त्यांनी ही तडजोड मान्य करायला नकार दिला. त्यांचा मुद्दा सोपा होता, ज्याने 'सेवेबाहेर'चा स्टिकर काढला त्याला गाडीत धोका आहे हे माहीत होतं, आणि माहीत असून केलेल्या गोष्टीला नुसता निष्काळजीपणा म्हणता येत नाही. हुसेनने कबुली मागे घेतली, मे २०२३ मध्ये ज्युरीसमोर खटला चालला, १७ मे ला तो सदोष मनुष्यवधाच्या वीसही आरोपांत दोषी ठरला आणि ३१ मे ला ५ ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्यात बचावाच्या वकिलांनी काय मांडलं ते नीट बघण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं, माझ्या अशिलाने गाडी नावाजलेल्या दुकानात नेली, ब्रेकच्या कामाचे पैसे भरले, दुकानाने पास केली, मग त्याने विश्वास ठेवला तर त्याचं काय चुकलं? ज्युरीने हे मानलं नाही कारण डीओटीने त्याच्या तोंडावर बाद करून सांगितलं होतं. पण समजा ती सप्टेंबरची तपासणी झालीच नसती तर? तर हा बचाव कदाचित चालला असता. खोटं सर्टिफिकेट गाडी रस्त्यावर आणतं हे आपल्याला माहीत असतं, ते माणसं मेल्यावर मालकाची ढाल पण होतं हे या प्रकरणात उघड दिसलं. जो शिक्का मारतो तो नुसती गाडी पास करत नाही, पुढच्या अपघाताची जबाबदारी आधीच पुसून ठेवतो. बिलावरची ती खोटी ओळ हुसेनला वाचवायला निघाली होती.

आणि तुरुंगात गेला तो एकटा. गॅरेजमधलं कोणी गेलं नाही, नोंदणी करणारं कोणी गेलं नाही, डीओटीत फाईल सांभाळणारं कोणी गेलं नाही. कायद्याने कोणाचा गुन्हा किती हे ठरवायला कोर्ट आहे, मला तिथे बोट घालायचं नाही. पण बाकीची टेबलं बाहेर राहिली हे मला मान्य होत नाही, आणि मेलेल्यांच्या घरच्यांपैकी कित्येकांनी पण हेच उघड बोलून दाखवलं.

या टेबलांची नावं घेतली ती एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक अपघात चौकशी मंडळाने, २०२० च्या सप्टेंबरअखेरीस. मुख्य कारण त्यांनी कंपनीच्या गळ्यात घातलं, बाद केलेली गाडी प्रवासी घेऊन पाठवली आणि उतारावर ब्रेक गेले. पण तिथे थांबले नाहीत. डीओटीची या कंपनीवरची देखरेख कुचकामी होती, परवाना नाही आणि गाडी वारंवार बाद होतेय हे माहीत असूनसुद्धा, असं त्यांनी लिहिलं. डीएमव्हीने लायसन दिलेल्या तपासणी केंद्रांवर नीट लक्ष ठेवलं नाही आणि गाडीची नोंदणीच बरोबर केली नाही, त्यामुळे कंपनीला कडक तपासणी चुकवता आली, हेही लिहिलं. सरकारी चौकशीने सरकारी खात्यांना नावानिशी कारणात धरावं ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे घाटात बस पडली की पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने' एवढं एक वाक्य लिहिलं की फाईल बंद व्हायच्या मार्गाला लागते. नियंत्रण का सुटलं, ब्रेक कधी आणि कोणी तपासले होते, फिटनेसवर सही कोणाची, हे विचारणारी अशी स्वतंत्र यंत्रणा रस्ते अपघातांसाठी इथे नाही.

बदल काय झाले? न्यूयॉर्कने २०२० मध्ये लिमोझीनबद्दल कायद्यांचा एक संचच केला, सीटबेल्ट, ड्रायव्हरचं लायसन, आणि मुख्य म्हणजे बाद गाडी जप्त करायचे, प्लेट काढून घ्यायचे अधिकार जास्त स्पष्ट केले. सीटबेल्टचा मुद्दा एनटीएसबीने पण लावून धरला होता, कारण अशा कापून वाढवलेल्या गाड्यांमध्ये बेल्ट कुठेतरी नावाला असतात. चांगलं झालं. पण त्या २० जणांनंतर.

आता आपल्याकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ खाली व्यावसायिक गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आरटीओतलं पासिंग कसं चालतं यावर पुण्यातल्या एका कार्यकर्त्याने २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, २०१६ मध्ये न्यायालयाने सविस्तर आदेश दिले, त्यात प्रत्येक ठिकाणी ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक पाहिजे हे होतं. विचार करा, ब्रेक तपासायला गाडी पळवावी लागते आणि पळवायला जागा लागते, हे सांगायला हायकोर्ट लागलं. तोवर कित्येक ठिकाणी ट्रॅकच नव्हता आणि तरी ब्रेक 'ठीक' असा शेरा मिळत होता. २०१८ मध्ये नियम डावलून फिटनेस दिल्याबद्दल राज्यातल्या ३७ आरटीओ अधिकाऱ्यांना निलंबित केलं. पासिंगपुरते चांगले टायर लावायचे, पासिंग झालं की काढून जुने चढवायचे, हे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कोणालाही विचारा, चोरून सांगायची गोष्ट राहिलेली नाही.

यावर उपाय म्हणून केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले, एटीएस. मशीनवर ब्रेक तपासायचे, रीडिंग थेट कॉम्प्युटरला, माणसाच्या मर्जीला जागा कमी. केंद्र खाजगी माणूसही चालवू शकतो. मी याच्या विरोधात नाही. रोलरवर चाक ठेवून ब्रेकचा जोर मोजला तर चेपलेली नळी लगेच पकडली जाते, तिथे ओळख चालत नाही, मशीनला एका चाकाचा आकडा शून्याजवळ दिसतो. आणि या नियमांत एक गोष्ट फार बरोबर केलीय, चाचणी केंद्र चालवणाऱ्याने गाड्या दुरुस्तीचा, विक्रीचा किंवा स्पेअर पार्टचा धंदा करायचा नाही. साराटोगा स्प्रिंग्जच्या दुकानात जे झालं त्याचं मूळच इथे तोडलंय. फक्त ते कागदावर तुटलंय की जमिनीवर, हे बघत राहावं लागेल, कारण केंद्र नवऱ्याच्या नावावर आणि गॅरेज बायकोच्या नावावर हे आपल्याला काही अशक्य नाही.

पण स्कोहॅरीचं पहिलं टेबल मशीनने सुटत नाही. मशीन ब्रेक मोजेल, पण ही गाडी मुळात काय म्हणून नोंदली आहे, आत सीट किती, बॉडी कुठे आणि कोणी बांधली, मंजूर झालेल्या नकाशाप्रमाणे आहे का, हे माणसानेच आत चढून बघायचं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला राजस्थानात जैसलमेरजवळ स्लीपर बस पेटली, २० पेक्षा जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर चित्तोडगडच्या परिवहन कार्यालयातल्या ज्यांना निलंबित केलं ते याच टप्प्यावरचे, बसच्या बॉडीला मंजुरी देणारे. एक्सकर्शन काय किंवा ही बस काय, चूक रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी कागदावर झालेली होती.

तिसरं टेबल तर आपल्याकडे अजून जास्त ढिलं आहे. एका ठिकाणी नापास झालेली गाडी दंड भरून, पावती घेऊन पुढे जाते हे आपण हायवेवर रोज बघतो. फिटनेस संपलेली बस पकडली, दंड केला, आणि त्याच प्रवाशांना घेऊन त्याच बसला पुढे जाऊ दिलं, तर मग काय पकडलं? प्रवाशांची गैरसोय होते म्हणून सोडावी लागते असं उत्तर मिळतं, आणि रात्री अकरा वाजता हायवेवर चाळीस माणसं उतरवायची ही अडचण खरी आहे, मी ती हलकी समजत नाही. मग पर्यायी बसचा खर्च मालकाच्या माथी मारायची तरतूद करा, डेपोतून निघायच्या आधी तपासा, पण बाद गाडी पुढे सोडणं हे उत्तर होऊ शकत नाही. वाहन आणि सारथी या दोन सरकारी प्रणालींवर आज देशभरच्या गाड्या आणि लायसनची माहिती एका जागी आहे, न्यूयॉर्कला २०१८ मध्ये जी अडचण होती, एका खात्याचा कागद दुसऱ्याला दिसत नाही, ती सोडवायचं साधन आपल्या हातात आहे. बाद झालेल्या गाडीवर लाल शेरा पडला की तिचं परमिट, तिचा टॅक्स, तिचा फास्टॅग सगळीकडे तो दिसला पाहिजे, टोलनाक्यावर सुद्धा.

तोवर आपल्या हातात काय? लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, देवदर्शन, गाडी ठरवताना आपण भाडं किती आणि एसी आहे का एवढं विचारतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं, नंबर ॲडव्हान्स द्यायच्या आधी मागा, आणि ऐनवेळी दुसरीच गाडी पाठवली तर तिचाही नंबर तिथेच तपासा. आणि आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते, ती बघा आणि आत चढून सीट मोजा. आकडा जुळला नाही तर त्या गाडीची फिटनेसची तारीख कितीही पुढची असू दे, ती तपासणी दुसऱ्याच गाडीची झालीय असं समजून दुसरी गाडी मागवा.